‘आज लशीची बाटली फोडणार नाही’ म्हणतात, मग या लेकरांनी जायचं कुठे?

गेल्या अंकात राहून गेलेल्या लशींबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि तुमच्या पत्रांचा ढीगच आला. वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली, ती म्हणजे ज्या मुलाला लशीची गरज सगळ्यात जास्त, तेच मूल केंद्रावरून सगळ्यात जास्त वेळा परत पाठवलं जातं. कमी दिवसांचं आहे, किमो चालू आहे, फिट येतात, गावचं नाही, कारण काहीही असो, आई मात्र मुलाला कडेवर घेऊन रिकाम्या हाताने घरी. मी बालरोगतज्ज्ञ आहे, लसीकरणाच्या टेबलाच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं बसले आहे, म्हणून यावेळी सगळी जागा याच पत्रांना देतेय.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझी मुलगी ३१ आठवड्यांतच जन्मली, वजन १३५० ग्रॅम होतं, ३८ दिवस काचेच्या पेटीत होती. आता ती ११ आठवड्यांची आहे, वजन २ किलो ९०० झालंय, दूध छान पिते. पण अजून एकही लस नाही. पहिल्यांदा गेले तर म्हणाले वजन कमी आहे, तीन किलो झाली की आणा. दुसऱ्यांदा गेले तर म्हणाले आज बीसीजीची (टीबीवरच्या लशीची) बाटली फोडणार नाही, बाळं कमी आहेत. तिसऱ्यांदा खाजगी दवाखान्यात फोन केला तर पंधरा दिवस अपॉइंटमेंट नाही, आणि त्यांनी विचारलं की बाळाचं वय नऊ महिने पूर्ण धरून मोजायचं की जन्मापासून, मला काय माहीत? सासूबाई म्हणतात देवाच्या मनात असेल तेव्हा होईल. मला रात्री झोप येत नाही. – एक आई, नाशिक

ताई, आधी वयाचं. वय जन्माच्या तारखेपासून मोजायचं. दुधाचं, वाढीचं, बसण्या-रांगण्याचं गणित आपण पूर्ण दिवसांच्या हिशोबाने करतो म्हणून सगळ्यांचा गोंधळ होतो, पण लशीला तो हिशोब लागू नाही. कमी दिवसांचं बाळ तब्येतीने स्थिर असेल तर सहा आठवड्यांच्या लशी त्याला जन्मापासून सहा आठवडे झाले की द्यायच्या. आणि तीन किलोची अट कुठल्याच वेळापत्रकात नाही. आईकडून बाळाला मिळणाऱ्या अँटीबॉडी जास्त करून शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जातात, तुमच्या लेकीला ते महिनेच मिळाले नाहीत, म्हणजे डांग्या खोकला किंवा न्यूमोनिया तिला इतर बाळांपेक्षा लवकर गाठू शकतो, म्हणून तिच्याबाबतीत थांबणं जास्त धोक्याचं आहे.

आता बाटलीचं सांगते कारण हे कुणी नीट सांगत नाही. बीसीजीची पावडर असते, त्यात सोबतचं द्रावण घालून ती विरघळवतात आणि एकदा विरघळवली की चार तासांत संपवावी लागते, उरली तर फेकायची. गोवर-रुबेलाचंही तसंच. एका व्हायलमध्ये साधारण दहा बाळांचे डोस असतात, मग समोर एकच बाळ असलं की सिस्टरचा हात थांबतो, नऊ डोस वाया जातील, वरून विचारतील ही भीती असते. मी त्यांना दोष देत नाही, वाया गेलेल्या डोसचा हिशोब त्यांनाच द्यावा लागतो. पण डोस वाया जाईल म्हणून मूल परत पाठवू नये हीच सरकारी कार्यक्रमाची भूमिका आहे, आणि मुख्य म्हणजे बाटलीचं कारण फक्त बीसीजी आणि गोवर-रुबेलासारख्या लशींना लागू पडतं. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), पीसीव्ही (न्यूमोनियावरची), पोलिओचं इंजेक्शन, तोंडाने द्यायचा पोलिओ यांची बाटली उघडल्यावरही नीट थंड ठेवली तर २८ दिवस वापरता येते. म्हणजे त्या दिवशी बीसीजी नव्हती तरी बाकीच्या लशी तुमच्या मुलीला देता आल्या असत्या. कुणी विचारलंच नाही, आणि तुम्हाला माहीत नव्हतं की असं विचारता येतं.

तर आता असं करा. पेटीत होती त्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड घ्या आणि तिथल्या डॉक्टरांकडून त्यावर एकच ओळ लिहून आणा : ‘बाळ स्थिर आहे, वयानुसार सर्व लशी द्याव्यात.’ ही ओळ म्हणजे सिस्टरच्या जिवाला आधार असतो, उद्या काही झालं तर माझ्यावर येईल ही तिची भीती त्या ओळीने निम्मी होते. मग आशाताईंना विचारा की आपल्या केंद्रावर बीसीजी कोणत्या वारी उघडतात, बहुतेक ठिकाणी वार ठरलेला असतो, आणि त्या वारी सकाळी लवकर जा. एकाच दिवशी बीसीजी, पेंटाव्हॅलंट, पीसीव्ही, रोटाव्हायरस (जुलाबावरची), पोलिओचे थेंब आणि पोलिओचं इंजेक्शन हे सगळं देता येतं. इतक्या सुया एकदम बघून तुम्हाला रडू येईल, पण बाळाला त्याने अपाय होत नाही. पुढचा डोस चार आठवड्यांनी. बीसीजी एक वर्षाच्या आत कधीही चालते, त्यामुळे तिचा दिवस गेला असं समजू नका. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

आणि तरीही कुणी नाही म्हटलं तर भांडू नका, तीन गोष्टी विचारा : कोणती लस नाही, का नाही, आणि कधी आणू. उत्तर माता-बाल संरक्षण कार्डावर तारखेसकट लिहून मागा. माझा अनुभव आहे की लिहून द्या म्हटलं की निम्म्या वेळा लसच मिळते. नाहीच मिळाली तर ते कार्ड घेऊन केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, त्यांच्यावर महापालिकेचे लसीकरण अधिकारी असतात आणि गावाकडे जिल्हा माता व बाल संगोपन अधिकारी, त्यांना सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांना सोबत घेऊन जा, केंद्रावर आजी सोबत असली की जरा वजन पडतं.

प्रश्न : मुलगा ६ वर्षांचा, ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आहे, आता मेन्टेनन्सची, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणूनची किमो चालू आहे. डॉक्टर म्हणाले दरवर्षी फ्लूची लस द्या. घराजवळच्या क्लिनिकमध्ये गेलो तर किमोचं नाव ऐकूनच म्हणाले तुम्ही कॅन्सर हॉस्पिटलमधूनच घ्या. तिथे म्हणाले आमच्याकडे लसीकरणाची ओपीडी नाही, बाहेरून घ्या. अॅपवर स्लॉट बुक केला तर फॉर्ममध्ये आजार भरल्यावर तो कॅन्सल झाला. असं दोन महिने चाललंय. लहान भाऊ ३ वर्षांचा आहे, त्याला पल्स पोलिओचे थेंब पाजायचे का? – एक बाबा, ठाणे

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून याच्याकडे, आणि मधे पोराची किमो. तुमची चूक काहीच नाही. दोन्हीकडच्या लोकांना आपापल्या बाजूने धोका वाटतो आणि मधली जबाबदारी कुणाचीच नसते.

क्लिनिकवाल्यांच्या डोक्यात जो घोळ आहे तो आधी समजून घ्या. किमो चालू असताना जिवंत लशी (ज्यात कमजोर केलेला पण जिवंत जंतू असतो) देत नाहीत हे खरं आहे, म्हणजे बीसीजी, गोवर-रुबेला, कांजिण्या, तोंडावाटे पोलिओ, नाकात मारायची फ्लूची लस. पण फ्लूचं इंजेक्शन ही मेलेल्या विषाणूची लस आहे, तिच्याने फ्लू होऊच शकत नाही, आणि मेन्टेनन्समधल्या मुलांना ती मुद्दाम द्यायला सांगतात. ‘किमो म्हणजे लस नको’ असं अर्धवट वाक्य लोकांच्या लक्षात राहिलंय, त्याचा हा त्रास.

कॅन्सरच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीला सांगा की ओपीडीच्या कागदावर लिहून द्या : लशीचं नाव, इंजेक्शनवाली, द्यायला हरकत नाही, कोणत्या तारखेदरम्यान द्यायची, आणि रक्तातल्या पेशी किती असल्या तर चालेल. हा कागद घेऊन अॅपवर नाही तर प्रत्यक्ष क्लिनिकमध्ये जा आणि डॉक्टरांशीच बोला, रिसेप्शनवरच्या मुलीशी नाही, तिच्या हातात निर्णय नसतो. लस क्लिनिकनेच मागवलेली बरी, दुकानातून घेऊन रिक्षातून नेली तर ती २ ते ८ अंशांत राहिली की नाही कोण सांगणार. आणि अपॉइंटमेंट दिवसाची पहिली मागा, किंवा गाडीत बसून राहतो, नंबर आला की फोन करा म्हणा. खोकणाऱ्या दहा मुलांमध्ये तुमच्या मुलाला तासभर बसवणं मला तरी पटत नाही. आधी कधी फ्लूची लस घेतली नसेल तर या वयात पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे एकाच वेळी दोन्ही तारखा घेऊन ठेवा. आपल्याकडे जून-जुलैनंतर फ्लू वाढतो तेव्हा एप्रिल-मे मध्ये सुरुवात केलेली उत्तम, पण आता उशीर झाला असेल तरी घ्या.

धाकट्याबद्दल विचारलंत हे फार चांगलं केलंत, हे कुणी विचारत नाही. त्याला थेंब पाजू नका. थेंबांतला जिवंत विषाणू काही आठवडे शौचातून बाहेर पडतो आणि थोरल्याची प्रतिकारशक्ती आत्ता कमी आहे. धाकट्याला त्याऐवजी इंजेक्शनवाला पोलिओ द्यायचा. पोलिओवाले दारात आले की त्यांना शांतपणे सांगा, घरात किमोचा पेशंट आहे, डॉक्टरांनी मना केलंय, आणि चिठ्ठी दाखवा, ते घरावर खूण करून पुढे जातील. बाकी धाकट्याच्या सगळ्या लशी वेळेवर झाल्या पाहिजेत, कांजिण्यांची पण, आणि तुम्ही दोघं आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनीही फ्लूची घ्या. ज्याला सगळ्या लशी देता येत नाहीत त्याच्याभोवती आपणच भिंत व्हायचं असतं. आणि शाळेत किंवा सोसायटीत कुणाला कांजिण्या झाल्या आणि मुलगा त्याच्या जवळ होता असं कळलं तर पुरळ यायची वाट बघू नका, त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन, त्यावर द्यायचं औषध पहिल्या चार दिवसांत दिलं तर जास्त उपयोगी पडतं. राहिलेल्या जिवंत लशींचं काय ते किमो संपल्यावर काही महिन्यांनी डॉक्टर ठरवतील, आत्ता त्याचं टेन्शन घेऊ नका.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परत येतात. लेकरं अशक्त, वजनात बसत नाहीत, आणि त्यांच्याच लशी राहतात. तिकडे कारखान्यावर विचारलं तर म्हणतात तुमच्या गावी घ्या. कार्ड पण पाचटात हरवून जातं. नवीन ऑनलाइन नोंदणी आली म्हणतात तिचा यांना उपयोग आहे का? – बीड जिल्हा

ताई, तुमच्यासारख्या सेविका आहेत म्हणून ही मुलं निदान कुणाच्या तरी वहीत आहेत. ‘तुमच्या गावी घ्या’ हे उत्तर चुकीचं आहे. सरकारी लस कुठल्याही सरकारी केंद्रावर फुकट मिळते, रहिवासी दाखला लागत नाही, आणि आधार नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. कुपोषित आहे म्हणून लस टाळायची हेही उलटंच आहे, गोवर सगळ्यात जास्त जीव अशाच मुलांचा घेतो. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडी, भिवंडी, मालेगावला गोवर पसरला तेव्हा आपण हे पाहिलंय, दाटीच्या वस्तीतली, लस राहिलेली, अंगावर मांस नसलेली लेकरं. तेव्हा लागण असलेल्या भागांत नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही जादा डोस द्यायची वेळ आली होती.

ऑनलाइन म्हणजे यू-विन. कोविडच्या वेळच्या कोविनच्या धर्तीवर केलंय, जानेवारी २०२३ मध्ये काही जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झालं आणि नंतर देशभर. मोबाइल नंबरवर नोंदणी होते, पुढच्या डोसचा मेसेज येतो, आणि एका जिल्ह्यात घेतलेली लस दुसऱ्या जिल्ह्यातल्या सिस्टरला दिसते. ऊसतोडीच्या मुलांना याचा खरा उपयोग आहे, पण एका अटीवर : नंबर चालू पाहिजे. सीझनला सिमकार्ड बदलतं, रिचार्ज संपतो, मग मेसेज जातो कुठे? म्हणून नोंदणी करताना आईचा नाहीतर गावात राहणाऱ्या आजोबांचा, जो नंबर वर्षभर टिकतो तो द्या. आणि ऑनलाइन बुकिंग नाही म्हणून लस नाही असं कुणी म्हणालं तर ते ऐकून घेऊ नका, थेट गेलं तरी लस द्यायचीच आहे.

टोळ्या निघायच्या आधीचं लसीकरण सत्र मात्र वाया घालवू नका. आधीच्या डोसला चार आठवडे झालेत आणि पुढचा लागू आहे अशा प्रत्येक मुलाला त्या दिवशी द्यायला लावा. कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून आईच्या, बापाच्या आणि मुकादमाच्या पण मोबाइलमध्ये टाका. तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून कोणती टोळी कुठल्या कारखान्यावर चाललीय याची यादी तिकडच्या आरोग्य केंद्राला कळवायला सांगा, सांगली-कोल्हापूरकडच्या सिस्टरला पालांवर किती मुलं आली हे आधी कळलं तर ती सत्र तिथेच लावू शकते. आणि कार्ड हरवलं, मधे दोन डोस चुकले तरी पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, जिथे थांबलं तिथून पुढे. पेंटाव्हॅलंट वर्षाच्या आत एकदा सुरू झाली असेल तर पुढचे डोस नंतरही पूर्ण करता येतात, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत.

प्रश्न : मुलगी दीड वर्षाची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम) आहे, फिटचं औषध चालू आहे, पाच महिन्यांत एकही फिट नाही. बूस्टरला नेलं की म्हणतात फिटवाल्या मुलीला आम्ही देत नाही, मोठ्या हॉस्पिटलला न्या. मोठ्या हॉस्पिटलला लिफ्ट बंद, तिसरा मजला. – सोलापूर

फिट आटोक्यात आहेत, आजार वाढत नाहीये, म्हणजे डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर द्यायला हरकत नाही. थांबायचं कधी, तर फिट आटोक्यात नसतील किंवा मेंदूचा आजार वाढत चालला असेल तेव्हा, आणि आधीच्या डोसनंतर सात दिवसांत मूल बेशुद्ध पडलं असेल किंवा मेंदूला सूज आली असेल तर डांग्या खोकल्याचा भाग असलेली लस पुन्हा देत नाहीत. असं काही झालेलं नसेल तर न्यूरोच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जवळच्याच केंद्रावर जा. लशीने ताप येऊ शकतो आणि तापाने फिट, म्हणून पॅरासिटामॉलचा डोस वजनाप्रमाणे आधीच विचारून ठेवा आणि फिटचं औषध त्या दिवशी चुकवू नका. खाजगीत घ्यायची तर कमी ताप येणारी एसेल्युलर लस मिळते, महाग असते. ती परवडत नाही म्हणून बूस्टरच ठेवून देऊ नका, सरकारी लसही चांगलीच आहे.

तिसऱ्या मजल्याचं वाचून राग आला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि त्याच्याच खाली जिल्ह्यात अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे फिजिओला नेत असाल तर तिथल्या डॉक्टरांना सांगा की लस त्याच दिवशी, तळमजल्यावर द्यायची सोय करा. एका मुलीसाठी सांगताय असं वाटून घेऊ नका, त्या रांगेत आणखी दहा आया असतात.

प्रश्न : नातवाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे (एसएस प्रकार), वय ३. कुणीतरी सांगितलं की याला न्यूमोनियाची वेगळी लस लागते, पण आमच्याकडे तालुक्याला कुणाकडे नाही. – एक आजोबा, गडचिरोली जिल्हा

आजोबा, सांगणाऱ्याने बरोबर सांगितलं. सिकलसेलमध्ये पोटातली प्लीहा (स्प्लीन) लहानपणीच निकामी व्हायला लागते आणि न्यूमोकोकस नावाच्या जंतूशी लढायला तीच लागते. पीसीव्ही २०२१ पासून देशभर सरकारी वेळापत्रकात आहे पण ती बाळाच्या पहिल्या वर्षासाठी, तेव्हा आधी कार्डावर बघा ती झालीय का. झाली असेल तर दोन वर्षांनंतर त्याला याच जंतूच्या २३ प्रकारांवरची आणखी एक लस लागते, आधीच्या डोसपासून किमान आठ आठवड्यांनी, आणि मग पाच वर्षांनी पुन्हा एकदा. पीसीव्ही राहिली असेल तर आधी ती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल ही पीसीव्ही डिसेंबर २०२० मध्ये आली, खाजगीत घ्यायची वेळ आलीच तर तिच्याबद्दलही विचारा. तालुक्याला मिळणार नाही हे मला मान्य आहे, म्हणून उगाच हेलपाटे न घालता जिल्हा रुग्णालयाच्या सिकलसेल कक्षात आधी फोन करून लस आल्याची खात्री करा आणि मगच एसटी पकडा. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रोजचं पेनिसिलीन दिलं असेल तर ते एकही दिवस चुकवू नका. ताप १०१ च्या वर गेला तर रात्र असो की पाऊस, थांबायचं नाही, लगेच दवाखाना.

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, आता इंग्लंडमध्ये लेस्टरला. बाळ सात आठवड्यांचं. इथे बीसीजी सगळ्यांना देत नाहीत, जीपी (इथले फॅमिली डॉक्टर) म्हणतात आमच्याकडे नाही. भारतात येईपर्यंत थांबू का? – एक आई

थांबू नका. तिकडे बीसीजी सरसकट नाही, पण आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणी टीबी जास्त असलेल्या देशात जन्मलेलं असेल तर बाळाला मिळते, आणि भारत त्यात येतो. २०२१ च्या सप्टेंबरपासून ती जन्मल्या जन्मल्या न देता साधारण २८ दिवसांनी देतात, कारण टाचेच्या रक्तातून प्रतिकारशक्तीच्या एका जन्मजात गंभीर आजाराची तपासणी होते तिचा निकाल आधी बघतात. इथेच गोंधळ होतो, डिलिव्हरीच्या दवाखान्यातून घरी आलात आणि पुढची अपॉइंटमेंट कुणी दिलीच नाही. जीपीकडे बहुतेक ती नसतेच, म्हणून हेल्थ व्हिजिटरला (लहान बाळांच्या घरी भेट देणाऱ्या नर्सला) विचारा की आमच्या भागाचं बीसीजी क्लिनिक कोणतं आणि आमचं नाव यादीत गेलंय का. नसेल गेलं तर आत्ताच घालायला सांगा, भारतातलं तिकीट काढायच्या आधी.